श्वासाचे मणी आणि मेंदूची फिल्म

डॉक्टर : सर, फिल्मला नावं ठेवण्याआधी माझं एवढं ऐका. बारा वर्षांचा पोरगा, आठवड्यातून दोनदा फिट. घरचे म्हणत होते, अंगात येतं. पुजाऱ्याकडे दोन कोंबडे आणि एक बोकड होऊन गेलं, तेव्हा कुठे माझ्याकडे आणला. मी सीटी काढायला लावला. फिल्म आली ती खिडकीच्या काचेला धरून बापाला दाखवली. मेंदूत वाटाण्याएवढं काळं वर्तुळ आणि त्याच्या आत एक पांढरा ठिपका. फीतकृमीची अळी. बापाने तो ठिपका नखाने खरवडून पाहिला, फिल्मवर काही चिकटलं असेल म्हणून. निघाला नाही तेव्हा खाली बसला. अंडी पोटात कशी जातात, हात धुणं, भाजी धुणं, सगळं मी सांगितलं. पण त्याला पटलं ते माझ्या सांगण्याने नाही, त्या न निघणाऱ्या ठिपक्याने. त्या दिवसापासून त्या घरात ‘बाधा’ हा शब्द बंद. आता मला सांगा, जे फिटचं झालं ते उदासीचं, भीतीचं, व्यसनाचं का होऊ नये? आणि ध्यानाने मेंदूत काय बदलतं ते असंच काचेवर दाखवता आलं, तर बाबा-बुवांच्या हातातून ध्यान सुटेल आणि आमच्या ओपीडीत येईल.

सर : अळी होती म्हणून दिसली. तांदळातला खडा आहे तो. निवडला, फेकला, भात झाला. तू मला उदासीचा खडा दाखव. तीस वर्षं विज्ञान शिकवलं मी, तुलाही शिकवलं, म्हणून सरळ विचारतो. नागपूरपासून बंगळूरच्या निम्हान्सपर्यंत असा एक तरी मानसोपचारतज्ज्ञ आहे का, जो नुसती फिल्म पाहून सांगेल की या बाईला नैराश्य आहे?

डॉक्टर : नाही.

सर : बघ.

डॉक्टर : थांबा, ‘नाही’चाही हिशेब असतो. जगभरच्या प्रयोगशाळांनी आपापल्या फिल्म एकत्र केल्या. नैराश्याचे १,७२८ रुग्ण आणि ७,१९९ निरोगी माणसं. आठवणींशी संबंधित हिप्पोकॅम्पस नावाचा भाग रुग्णांमध्ये सरासरीने किंचित लहान निघाला. किंचित म्हणजे किती? समजा आपल्या मूल गावच्या माणसांची सरासरी उंची सावली गावच्या माणसांपेक्षा अर्धा सेंटीमीटर जास्त निघाली. फरक खरा असेल, पण बसस्टँडवर उभा असलेला माणूस मूलचा की सावलीचा, हे त्याची उंची पाहून सांगता येणार नाही. म्हणून एका रुग्णाच्या फिल्मवरून निदान होत नाही. पण हजारोंच्या गर्दीत काहीतरी आहे, हे तर कळलं? आजार म्हणजे नाटक नाही, आळस नाही, हे तर कळलं?

सर : नाटकाचं नाव काढलंस म्हणून सांगतो. आपल्या झाडीपट्टीच्या नाटकात लाल लाईट पडला की मागे चादरीवर बसलेल्या म्हातारीलाही कळतं, आता खून होणार. लाईट कोण टाकतो? मेंदूच्या त्या रंगीत चित्रात लाल ठिपका पाहिला की मला वडशाचा तो लाईटवाला आठवतो. मेंदूत लाल काहीच पेटत नाही. एखादा भाग कामाला लागला की तिकडे ताजं रक्त धावतं. ऑक्सिजन असलेलं रक्त आणि नसलेलं रक्त चुंबकापुढे वेगवेगळं वागतं, तो फरक मशीन टिपतं. फरक शेकडा एक-दोन, तोही पाच-सहा सेकंद उशिरा, आणि ज्या एका चौकोनाला रंग देतात त्यात लाखो पेशी. मग गणित बसतं, ते ठरवतं कुठे लाल टाकायचा, कुठे पिवळा. अमेरिकेत २००९ मध्ये काही संशोधकांनी मेलेली सामन मासोळी त्या मशीनमध्ये ठेवली, तिला माणसांचे फोटो दाखवले आणि या माणसांच्या मनात काय चाललंय ते ओळख म्हणून सांगितलं. गणितातली एक खबरदारी मुद्दाम सोडून दिली. मासोळीचा मेंदू ‘पेटला’. मेलेली मासोळी, बाप्पा! मी वर्गात हे सांगितलं असतं तर तुम्ही पोट्टे आठवडाभर हसला असता.

डॉक्टर : तो प्रयोग टिंगल करायला नव्हता, सर. खबरदारी सोडू नका, हे सांगायला होता. आणि त्याहून बोचरी गोष्ट मीच सांगते. २०१६ मध्ये स्वीडनच्या एका गटाने दाखवलं की सगळे जी सॉफ्टवेअर वापरतात त्यांतल्या काही पद्धतींत खोटा लाल ठिपका शंभरात पाचदा यायला हवा, तिथे सत्तरदा येऊ शकतो. आपल्याच शेतातलं तण हे लोक स्वतः उपटतात. पुजाऱ्याने कधी स्वतःच्या मंत्राची अशी तपासणी केली आहे?

सर : ते खरं आहे. तिथे मी तुझ्या बाजूचा. पण मग ध्यानाच्या बाबतीतलं तण कुणी उपटलं?

डॉक्टर : तेही त्यांनीच. क्रमाने सांगते. २००५ मध्ये हार्वर्डच्या सारा लाझार यांनी वीस ध्यान करणारे आणि पंधरा न करणारे घेतले. ध्यान करणाऱ्यांच्या मेंदूची साल काही ठिकाणी जाड निघाली. पण जाड सालीची माणसं ध्यानाकडे वळतात की ध्यानाने साल जाड होते, हे त्यातून कळत नाही. म्हणून २०११ मध्ये त्याच वर्तुळातल्या संशोधकांनी नवशिक्या सोळा जणांना आठ आठवडे ध्यान शिकवलं, आधी-नंतर फिल्म काढल्या. हिप्पोकॅम्पसमध्ये करडा भाग वाढलेला दिसला. जगभर बातम्या झाल्या. आपल्याकडेही व्हॉट्सॲपवर अजून फिरतं, ‘आठ आठवड्यांत मेंदू बदला’. मग २०२२. रिचर्ड डेव्हिडसन म्हणजे तिबेटी भिक्खूंच्या डोक्याला तारा लावणारा माणूस, ध्यानाच्या संशोधनाचा सगळ्यात मोठा पुरस्कर्ता. त्यांच्याच प्रयोगशाळेने २१८ लोकांवर तोच आठ आठवड्यांचा वर्ग नीट तपासला. मेंदूच्या रचनेत बदल? काही नाही. ते त्यांनी छापलं. मला यात पराभव दिसत नाही, सर. हीच तर शान आहे.

सर : व्हॉट्सॲपवर २०२२ फिरतं का?

डॉक्टर : नाही.

सर : तेच तर. मी मूल रोडवरच्या अजयपूरच्या धम्म अजय विपश्यना केंद्रात दहा दिवस बसलोय. पहाटे चारला घंटा, आर्य मौन, पहिले तीन दिवस नुसता नाकाशी येणारा-जाणारा श्वास पाहायचा. गुडघे गेले माझे. पण फरक पडला. राग येण्याआधीचा अर्धा क्षण आता मला दिसतो. आधी राग आल्यावरच कळायचं. हे मला मशीनने सांगायला नको होतं. आमची ही मात्र म्हणाली, ‘तुम्ही दहा दिवस घरात नव्हता, म्हणून मलाच शांत वाटलं.’ आता हा तुमचा कंट्रोल ग्रुप कुणी मोजला? तक्रार ध्यानाबद्दल नाही माझी. श्वास पाहणं हजारो वर्षं चाललं आणि त्याला स्वतःच्या पायावर उभं राहता येत होतं. आता अमेरिकेच्या फिल्मची काठी हातात दिल्याशिवाय आपण त्याला चालू देत नाही. काठी मोडली की माणूस पडणार.

डॉक्टर : काठी आपणच मागितली होती, अमेरिकेने दिली नाही. लोणावळ्याच्या स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम काढलं, ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केलं आणि नौली ही योगक्रिया करणाऱ्या माणसाचे एक्स-रे काढले. शंभर वर्षं होऊन गेली. तेव्हा एमआरआय असता तर त्यांनी पहिल्याच दिवशी स्वतःचं डोकं त्यात घातलं असतं. आणि त्यांनी सोयीचंच तेवढं छापलं असंही नाही. प्राणायामाने भरपूर ऑक्सिजन मिळतो हा लोकांचा लाडका समज त्यांनीच मोजून खोडला. बरं, आपल्या गडचिरोलीचंच घ्या. डॉ. अभय बंगांना हृदयविकाराचा झटका आला, त्यानंतर ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ आलं. मराठी घराघरात ते पुस्तक गेलं. आहार, योग, ध्यान. त्यामागे डीन ऑर्निश यांचा १९९० चा प्रयोग होता आणि त्यात धमन्यांचे फोटो होते. धमनी आधी एवढी अरुंद, वर्षभराने एवढी. फोटो नसते तर एवढ्या लोकांनी तेल सोडलं असतं?

सर : ऑर्निशने तेल सोडायला लावलं, चालायला लावलं, ध्यानाला बसवलं आणि रुग्णांना एकत्र बसवून बोलायलाही लावलं. यातल्या कशाने धमनी उघडली, ते फोटोत येत नाही. भाजीत काय काय पडलं ते जेवणाऱ्याला कळतं, पण चव कशाची हे विचारलं की घोळ. असो. तू बंगांचं नाव काढलंस तर मला त्यांचं ते पुस्तक आठवत नाही, मणी आठवतात.

डॉक्टर : श्वास मोजायचे?

सर : तेच. गडचिरोलीत तान्ही लेकरं न्यूमोनियाने जायची आणि एक्स-रे तर दूरच, स्टेथोस्कोपही गावात नाही. साठपर्यंत मोजता न येणाऱ्या दाईच्या हातात बंगांच्या ‘सर्च’ संस्थेने काय दिलं? सरकवायचे मणी आणि एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ. बाळाच्या पोटाकडे पाहायचं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत सहावा मणी सरकला तर तान्ह्याला न्यूमोनिया, चल औषध. गावातल्याच बायांनी घरात जाऊन बाळं सांभाळली. ३९ गावांत नवजात मृत्यू हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ला ते छापावं लागलं. आता बघ, अजयपूरलाही श्वासच पाहतात आणि ती दाईही श्वासच पाहत होती. पण तिच्या पाहण्याला पुढे वाट होती. मोजलं, कळलं, औषध दिलं. म्हणून म्हणतो, मनासाठी फिल्म नको, मणी शोधा.

डॉक्टर : फार छान बोललात, आणि इथेच तुम्ही अडकलात. तो मणी कशावर उभा होता? न्यूमोनिया जंतूने होतो, फुप्फुसात पाणी-पू भरतो, म्हणून श्वास वाढतो, आणि तो जंतू अमुक औषधाने मरतो, हे सगळं दाईच्या आधी शंभर वर्षं कुणीतरी एक्स-रे, सूक्ष्मदर्शक, शवविच्छेदन करून शोधून ठेवलं होतं. त्या महागड्या ज्ञानाच्या टोकाला तो स्वस्त मणी ओवला गेला. मनाच्या बाबतीत तो तळच अजून घातलेला नाही. आमच्याकडे नऊ प्रश्नांची यादी आहे. दोन आठवड्यांत किती दिवस उदास वाटलं, झोप कशी, भूक कशी. हा झाला मणी. मोजता येतो, आशाताईलाही येतो. पण साठ श्वास म्हणजे फुप्फुसात काय झालंय हे मला माहीत आहे. यादीत पंधरा गुण म्हणजे आत काय झालंय, हे मला माहीत नाही. एकाच पंधरामध्ये चार वेगळे आजार असतील. तुम्ही फिल्म फेकून द्या म्हणता तेव्हा मला कायम पंधरावरच थांबायला सांगता.

सर : इथे मात्र तू मला निरुत्तर केलंस. थोडा वेळ तरी. पण मग इतकं कर. तळ घालायला जाणाऱ्यांनी तळच घालतोय म्हणावं, घर बांधून झालं म्हणू नये. २०२२ मध्येच ‘नेचर’मध्ये आलं ना, मेंदूच्या फिल्मचा आणि माणसाच्या वागण्याचा संबंध भरवशाने सांगायचा तर वीस-तीस नाही, हजारो माणसं लागतात? मग ती हजारो माणसं कुठली असणार? ज्यांच्या शहरात मशीन आहे तिथली. एटापल्लीचा माडिया त्यात येणार नाही, आणि आला तरी त्याला विचारणार कोण, की बाबा, तुला कशाचा त्रास होतो? राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झालं २०१५-१६ मध्ये, बारा राज्यांत. पलीकडचं छत्तीसगड होतं, महाराष्ट्र नव्हता. तेव्हा साधी प्रश्नावलीही इथवर आली नाही, मशीन कधी येणार?

डॉक्टर : त्या सर्वेक्षणाने एक गोष्ट सांगितली ती मात्र इथेही खोटी नसणार. आजारानुसार शंभरातल्या सत्तर ते ब्याण्णव जणांना उपचारच मिळत नाही. पण आपल्याच विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावातलेच कार्यकर्ते, घरी जाऊन बोलणं, गरज पडली तर डॉक्टर. दीड वर्षात नैराश्य असलेल्यांपैकी कुणाकडे तरी मदत मागणारे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. मशीन नव्हतं, मान्य. मी स्वतःही ‘नैराश्य’ म्हणत नाही, ‘टेन्शन’ म्हणते. नैराश्य म्हटलं की बाई उठून जाते, टेन्शन म्हटलं की पदर तोंडाला लावून बोलायला लागते.

सर : मग फिल्म कशाला हवी तुला? खरं सांग.

डॉक्टर : एका बाईमुळे. सिंदेवाहीकडची. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला दोघं गेले होते, वाघाने नवऱ्याला उचललं. तिच्यापासून चार पावलांवर. आता रात्री तीनला उठते, छाती धडधडते, पानाचा आवाज झाला तरी कापते. सासू म्हणते, त्याचा जीव अडकलाय, तो हिच्या अंगात येतो. तिला मला दाखवायचं आहे की हा जीव नाही, हा अमिग्डला आहे. बदामाएवढा भाग, धोका दिसला की घंटा वाजवतो, आणि तुझी घंटा वाजतच राहिली आहे. त्या पोराच्या बापासारखं तिलाही नखाने खरवडून पाहू दे. आणि काही अभ्यासांत ध्यान शिकलेल्या लोकांची ही घंटा सौम्य झालेली दिसते. ते खरं असेल तर रोज दहा मिनिटं श्वास पाहायला शिकवणं मला जमेल. गोळ्या संपतात, श्वास संपत नाही.

सर : घंटा वाजत राहिली म्हणालीस. बिघडली म्हणून की वाघ अजून तिथेच आहे म्हणून?

डॉक्टर : ...

सर : अमेरिकेत एक बाई आहे, संशोधक तिला नुसतं एस. एम. म्हणतात. दुर्मीळ आजाराने तिचे दोन्ही अमिग्डला गेले. साप हातात घेते, गळ्याला चाकू लावणाऱ्यालाही घाबरली नव्हती. ती बाई सिंदेवाहीच्या जंगलात मोहफुलं वेचायला गेली तर एक मोसम टिकेल का? शहरातल्या माणसाला ऑफिसच्या साहेबाची भीती वाटते आणि त्याची घंटा विनाकारण वाजते, तिथे ‘शांत हो’ म्हणणं ठीक. इथे कारण झुडपाआड बसलं आहे. पुढच्या मे महिन्यात तिला पुन्हा त्याच जंगलात जायचं आहे, कारण मोहा आणि पत्ता सोडला तर घरात पैसा येत नाही. तू तिची घंटा हळू करणार. कुणाच्या सोयीसाठी? माझे वडील १६ ऑक्टोबर १९५६ ला चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, मैदानात धम्मदीक्षेसाठी बाबासाहेबांसमोर उभे होते. त्यांनी मला एक गोष्ट पाठ करून घेतली होती. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये सिद्धार्थ म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून घर सोडत नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय भांडतात, तो युद्धाला विरोध करतो आणि त्यापायी घर सोडतो. म्हणजे दुःखाचा धागा पाण्याच्या वाटपापर्यंत नेला. डोळे मिटणाऱ्या प्रत्येक माणसाला मी हेच विचारतो, तुझ्या नदीचं काय झालं?

डॉक्टर : त्याच पुस्तकात अष्टांगमार्ग आहे, सर. सम्यक स्मृती आहे, सम्यक समाधी आहे. सिद्धार्थ पाण्याच्या भांडणापायी गेला, पण बसला तो झाडाखालीच. तुम्ही स्वतः अजयपूरला बसलात आणि तिला बसू नको म्हणता. तुमचा राग शांत झाला तर ती साधना, आणि तिची भीती शांत झाली तर ती व्यवस्थेची सोय? वाघ झुडपाआड आहे, कबूल. पण तो रात्री तीन वाजता तिच्या खाटेवर नाही. दुपारची घंटा तिला जगवते, रात्री तीनची घंटा तिला मारते आहे. या दोन घंटांत फरक करता यावा, म्हणूनच मला तळ हवा आहे. तो फरक तुमच्या मण्यात नाही, अजून माझ्या फिल्ममध्येही नाही.

सर : हे आधी का नाही बोललीस?

डॉक्टर : तुम्ही घंटा बिघडली का विचारलंत, तेव्हा मलाच पहिल्यांदा दिसलं.

सर : म्हणजे प्रश्न ‘ध्यानाने मेंदू बदलतो का’ हा नाहीच. मेंदू तर कशानेही बदलत असेल, तेंदूचा पुडा बांधायला शिकण्यानेही. प्रश्न हा की कुठली भीती उतरवायची आणि कुठली तिच्याकडे राहू द्यायची, आणि ते ठरवणार कोण. बरं, तुमच्या शास्त्रात ध्यान विरुद्ध गोळी असं थेट कुणी तपासलं?

डॉक्टर : २०२२ मध्येच. चिंतेचा आजार असलेले २७६ जण. अर्ध्यांना एस्सिटॅलोप्रॅम, अर्ध्यांना आठ आठवड्यांचा ध्यानवर्ग. ध्यान गोळीपेक्षा कमी पडलं नाही. त्यात फिल्म नव्हती, बरं का. माणसांना विचारूनच गुण दिले. पण तुम्हाला माहीत असेल, अजयपूरच्या फॉर्ममध्येच मानसिक आजाराबद्दल विचारतात आणि गंभीर आजार असेल तर दहा दिवसांचं शिबिर नको म्हणतात. योग्यच करतात. मोठ्या मौनात काही माणसं फुटतात, नको ते वर येतं. या बाईच्या डोळ्यांसमोर काय वर येईल, मला माहीत आहे. म्हणून मीही भीत-भीतच दहा मिनिटं म्हणते.

सर : तिला विचारलंस? काय हवं म्हणून?

डॉक्टर : विचारलं. मला वाटलं, झोपेची गोळी मागेल. ती म्हणाली, घराच्या मागे लाईट लावून द्या. रात्री परसाकडे जाताना मागे अंधार असतो. ग्रामपंचायतीत तीन चकरा मारल्या, सोलरचा दिवा बसला.

सर : मग? हाच मणी. मी म्हणत होतो ना?

डॉक्टर : दिवा लागला, सर. ती अजून तीनला उठते. फक्त आता कापत आत पडून राहत नाही, उंबऱ्यावर दिव्याच्या उजेडात येऊन बसते. अर्धा तास, कधी तास. सासू म्हणते, जीव बाहेर यायला लागला.

सर : बसून काय करते?

डॉक्टर : ते मी विचारलं नाही.

सर : परत कधी येणार ती?

डॉक्टर : मंगळवारी. चंद्रपूरची बस मिळाली तर.